वर निघायच्या आधीच सूटमधली हवा सोड

भावा, मालवणच्या कोमट पाण्यात स्कुबा डायव्हिंगला ड्रायसूट (आत हवा भरून अंग कोरडं ठेवणारा सूट) लागत नाही, पण तू आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत डाइव्ह करायला निघालायस. तिथलं पाणी 2 ते 4 अंश! सूट इन्स्ट्रक्टरकडूनच शीक, पण हात कोल्हापुरातल्या पोहायच्या टँकवरच बसवून घे.

10 मीटरवरून वर येईपर्यंत सूटमधली हवा दुप्पट फुगते. म्हणून निघण्याआधीच डाव्या दंडावरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड, पाण्यात उभा हो आणि कोपर वर उचल. मनगट नव्हे, कोपर! हात सरळ ताणलास तर हवा मनगटाकडे पळते, व्हॉल्व्हपाशी थांबतच नाही. बुडबुडे सुटायला क्षणभर लागतो, घाबरू नकोस.

सूटच्या पायात हवा भरून पाय वर गेले तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मार, डोकं वर आलं की लगेच हवा सोड. ही कोलांटी मात्र रोज घोटच.