मुद्दाम सांडलेली कणसं

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नाताळाआधी तुमचा तरुण संघ ब्लँकेटं वाटणार आहे आणि फोटो काढायचे की नाही यावरून बैठकीत खडाजंगी झाली, असं तू लिहिलंस. घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा एकही फोटो काढू नका. देणगीदार हिशेब मागतात आणि ते योग्यच आहे. त्यांना दुकानाचं बिल, ब्लँकेटांची संख्या, वाटप कुठे झालं ते आणि खाली खजिनदाराची सही एवढं द्या. कुणीतरी बायबलातलं मत्तय ५:१६ पुढे करेल, की आपला प्रकाश लोकांसमोर पडला पाहिजे. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात पुढच्या अध्यायाच्या पहिल्या चार वचनांत येशू दानधर्म गुप्तपणे करायला सांगतो. पहिल्या ठिकाणी पाहणारा देवपित्याचं गौरव करतो, दुसऱ्या ठिकाणी ज्याला येशू अडवतो तो देणारा नजरा स्वतःकडे ओढतो. तुमच्या बॅनरवर कुणाचं नाव किती मोठं छापलंय ते बघ, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

गुप्त का द्यायचं, याचं कारण आपल्याकडे बहुधा अर्धंच शिकवतात: देणाऱ्याला गर्व होऊ नये. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला २४:१०-१३ हा भाग सावकाश वाच. कर्ज दिलेलं असलं तरी गहाण आणायला त्या माणसाच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, तो स्वतः आणून देईल. गरिबानं पांघरूण गहाण ठेवलं असेल, तर सूर्य मावळेपर्यंत ते परत करायचं.

मग रूथ या गरीब विधवेच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घे. शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचायचा हक्क गरिबांना नियमशास्त्रानंच दिला होता (लेवीय १९:९-१०), म्हणजे शेताचा मालक बवाज यानं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम ओढून टाका, तिला वेचू द्या आणि दटावू नका. रूथच्या दृष्टीनं ती सांडलेली कणसं होती. संध्याकाळी झोडपून एफाभर सातू निघाले, साधारण वीस-बावीस लिटरचं माप, आणि ते तिच्या कष्टाचेच राहिले. एवढी बारीक सोय सुचायला माणसानं आधी नीट पाहिलेलं असावं लागतं.

तेच आज कसं करायचं? कुणाची नोकरी गेली असेल तर शिधा घेऊन दारात उभी राहू नकोस, शेजारी बघतात. मुलाची फी थेट शाळेच्या कार्यालयात भर, पावती मुलाच्या नावानं घे आणि पाळकांच्या हातून घरी पोचव. पाळकांना मात्र खरं सांगून ठेव. पैसे कुठून आले हे कुणालाच ठाऊक नसलं की घरचे तर्क करत बसतात, नको त्या माणसाचा संशय घेतात, कधी ओशाळून उपासनेला येणंच सोडतात. आणि हे सगळं स्वतःच्या खिशातल्या पैशांबद्दल. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, निधीतला एक रुपयाही असा गुपचूप द्यायचा नाही. तिथे व्हाउचर आणि दोन सह्या हव्यातच.

दवाखान्यातली भेट दहा मिनिटांची पुरे. खाटेवर बसायचं नाही, आजाराचा इतिहास उकरायचा नाही, ‘आमच्या ओळखीत एकाला असंच झालं होतं’ हे तर मुळीच नाही. प्रार्थना करू का, असं आधी विचार. मग तीन-चार वाक्यं, शेजारच्या खाटेवर ऐकू जाणार नाही अशा आवाजात. खरा पिचलेला असतो तो पेशंटजवळ राहणारा माणूस. त्याला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नकोस, कुणी सांगत नाही. ‘उद्या दोन ते पाच मी बसते, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या’ असं म्हण. याकोबानं आपल्या पत्रात (२:१५-१६) उघड्यानागड्या बंधूला नुसतं ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांना झापलंय, ते यासाठीच. डबा त्या माणसासाठी ने, पेशंटसाठी नाही. पेशंटचं पथ्य डॉक्टर ठरवतात. डबा परत मागावा लागणार नाही असा असू दे, नाहीतर धुऊन पोचवायचं नवं काम आपणच त्याच्या गळ्यात घालतो. लांब वायरीचा चार्जरही ने.

मयताच्या घरी पहिल्या दिवशी माणसं पुष्कळ असतात. तेव्हा पाण्याचे जार, खुर्च्या आणि म्हाताऱ्यांना कबरस्तानापर्यंत न्यायला रिक्षा बघ. खरी गरज तीन आठवड्यांनी सुरू होते, तोवर सगळे पांगलेले असतात. तारीख लिहून ठेव. चाळिसाव्या दिवसानंतर एकदा जा, गेलेल्याच्या पहिल्या वाढदिवसाला फोन कर. पहिल्या नाताळाला अशा घरात बहुधा करंज्या तळत नाहीत, पण लहान मुलं तर असतात. तेवीस तारखेला थोडा फराळ साध्या डब्यात देऊन ये, ‘हॅपी ख्रिसमस’चा गजर न करता. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे किंवा लहान मुलांकडे जाताना मात्र सोबत कुणाला तरी ने. गुप्तपणा तिथे लागू नाही.

संत तेरेजाचं एक उदाहरण मला फार आवडतं, ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली, १८९७ साली चोविसाव्या वर्षी वारलेली. एका वृद्ध, किरकिऱ्या सिस्टरला ती रोज संध्याकाळी धरून जेवणघरात न्यायची. हळू चाललं तरी बोलणी, भरभर चाललं तरी बोलणी. पुढे तिच्या लक्षात आलं की या बाईंना हातांमुळे पाव कापता येत नाही. मग पाव कापून देऊनच ती जायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या नावडत्या माणसासाठी महिन्यातून एखादं काम कर. आवडत्यांसाठी केलेल्या गुप्त कामांची मनातल्या मनात यादी होते आणि ती यादी म्हणजे नुसता न छापलेला बॅनर.

आणि कुणी ओळखलंच, आभार मानले, तर ‘मी नव्हते’ असं खोटं सांगू नकोस. ‘उपयोगी पडलं ना, बरं झालं’ म्हण आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी कर.

तुझा,
काका