मुंबईत घरी पहिल्यांदाच मशरूम लावतोय, किती निघतील?

एक किलो सुक्या पेंढ्यामागे पहिल्या खेपेला अर्धा किलो धिंगरी (ऑयस्टर मशरूम) निघाली तरी जमलं म्हणा. बटण मशरूमचा नाद सोडा. त्याला १४ ते १८ अंश लागतात, ते मुंबईत एसीशिवाय कुठून आणणार? धिंगरी २० ते ३० अंशांत येते. पिशवीत पेंढा आणि मशरूमचं बी (स्पॉन) भरल्यावर ती पांढरी व्हायला १५-२० दिवस, मग टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, पुढे चार-पाच दिवसांत तोडणी. बहर दोन-तीन, पहिला सर्वांत भरघोस. माझ्या पहिल्या दोन पिशव्यांपैकी एक हिरव्या बुरशीने गेली. उकळत्या पाण्यातून काढलेला पेंढा नीट निथळू दिला नव्हता. अशी हिरवी पडलेली पिशवी उघडू नका, बांधून थेट कचऱ्यात. एप्रिल-मेमध्ये मात्र हा हिशेब धरू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.