आप्पांचा शेवटचा शनिवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. हल्ली हाताने पत्र कोण लिहितं, म्हणून पाकीट आधी दोनदा उलटसुलट करून पाहिलं, मग चष्मा पुसून निवांत बसलो. अक्षर अजून तसंच आहे तुझं, वेलांटी लांबवायची सवय गेलेली नाही. पहिल्या पानावर तू तीन वेळा ‘पश्चाताप’ लिहिलं आहेस, एका ‘त’चं. रागावू नकोस, आयुष्य प्रेसमध्ये गेलं, डोळा आधी तिकडेच जातो. शब्द ‘पश्चात्ताप’ असा आहे. पश्चात् आणि ताप, मागाहून चढणारा ताप. तो मला चांगला ठाऊक आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

सदाशिव पेठेतली कॉट, अभ्यासिकेतली भिंतीकडची खुर्ची, मेसचा डबा, दोन वेळा राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन थोडक्या गुणांनी हुकलेलं नाव. सगळं वाचलं. आणि त्यावर परीक्षेची पद्धतच बदलली. २०२३ च्या फेब्रुवारीत तुम्ही मुलंमुली पुण्यात रस्त्यावर बसला होतात ते मी टीव्हीवर बघत होतो, त्या गर्दीत तुला शोधत होतो. लोकसेवा आयोगाने वर्णनात्मक परीक्षा २०२५ पर्यंत पुढे ढकलली, तेव्हा तुझा आवाज फोनवर किती मोकळा होता! पण पुढे ढकललेलं कधीतरी येतंच. पर्यायांतून उत्तर ओळखायचा जो हात तू चार वर्षं बसवलास, त्याला आता पानं भरून लिहायला सांगितलं. आणि आज तू तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावकेच्या नोंदी करतेस. ‘चार वर्षं मातीत गेली काका,’ असं लिहिलंस.

जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, असं मी तुला सांगणार नाही. तसं नसतं. माझी १९९४ सालची गोष्ट सांगतो. तुला अर्धी माहीत आहे, उरलेली मी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या प्रेसमध्ये तेव्हा खिळ्यांची छपाई होती. तू प्रेसमध्ये यायला लागलीस तोपर्यंत त्यातलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे ते खिळे, टोकाला उलटं अक्षर. लाकडी केसमध्ये त्यांची घरं असायची. इंग्रजीची केस सोपी, आपल्या देवनागरीचं तसं नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं धरून खिळ्यांचे शेकड्यांनी प्रकार. लोकमान्य टिळकांसारख्या माणसाने हे खिळे कमी कसे करता येतील यावर डोकं चालवलं होतं, यावरून त्या कामाचा व्याप समज. आणि आमचे जुळारी आप्पा त्या घरांकडे न बघता खिळ्यांची जुळणी करायचे. डाव्या हातात खिळे ओळीत लावायची स्टिक, नजर मजकुरावर, उजवा हात आपोआप फिरतोय. एखादं घर रिकामं असेल तर हात तिथे पोचायच्या आधीच ‘ष्ट संपलेत’ म्हणायचे. वडिलांनी प्रेस काढली त्या दिवसापासून ते आमच्याकडे होते. मी शाळेत शुद्धलेखन शिकलो नाही, त्यांच्या स्टुलाशेजारी उभा राहून शिकलो.

१९९४ मध्ये मी कर्ज काढून कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर आणि छोटं ऑफसेट मशीन घेतलं. शेजारच्या प्रेसचं काम आम्ही बघत होतो. लग्नपत्रिकेला आम्हाला चार दिवस लागायचे, ते दुसऱ्या दिवशी द्यायचे. मी तेव्हा बदललो नसतो तर प्रेस बंद पडली असती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. जुनी छपाईची ट्रेडल विकली. खिळे भंगारवाल्याला किलोवर दिले. तो रविवारी येणार होता.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आप्पांच्या हातात एका हँडबिलाची शेवटची जुळणी होती. ती छापून झाली. मी त्यांचा हिशेब करून पाकीट तयार ठेवलं होतं आणि ते कधी उठतात याची वाट बघत होतो, कारण मला नव्या मशीनसाठी जागा मोकळी करायची होती. आप्पांनी चेस, म्हणजे जुळलेले खिळे आवळून धरणारी चौकट, सोडली, टाईप रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि एकेक खिळा परत त्याच्या त्याच्या घरात टाकायला लागले. क क च्या घरात, वेलांटी वेलांटीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं पोत्यात ओतलं जाणार होतं, हे त्यांना माहीत होतं. पाऊण तास लागला. मी दोनदा म्हटलं, ‘राहू द्या आप्पा.’ त्यांनी मान वर केली नाही. हात धुतले, पाकीट घेतलं, आणि विचारलं, ‘सोमवारी यायचं का?’

मी म्हटलं, ‘आता काय काम आहे?’

एवढंच. आवाज चढवला नाही, अपमान करायचा हेतू नव्हता. चार शब्द.

पुढे चार वर्षं मी येईल त्याला सांगत होतो की खिळे विकले ही माझी मोठी चूक. निदान एक केस ठेवायला हवी होती, वारसा होता, किलोवर घालवला. लोक माना डोलवायचे. मलाही ते खरं वाटायचं. पण रात्री जाग यायची तेव्हा डोळ्यांपुढे खिळे कधीच आले नाहीत. यायचा तो त्यांचा पाठमोरा सदरा आणि दाराशी चप्पल घालताना भिंतीला टेकलेला हात. मला पश्चात्ताप धातूचा नव्हता. बदल केला याचाही नव्हता. तो त्या चार शब्दांचा होता, आणि ते कबूल करायला नको म्हणून मी खिळ्यांची गोष्ट पुढे करत होतो.

हे उमगलं ते एका लग्नपत्रिकेमुळे. कॉम्प्युटरवर मुलगा मजकूर झटपट घ्यायचा, पण प्रूफ बघणारं कुणी नव्हतं. आम्ही ‘पाणिग्रहण’ऐवजी ‘पाणीग्रहण’ छापलं, पाचशे प्रती. पाणि म्हणजे हात, तिथे पाणी केलं. मुलीचे वडील संस्कृतचे शिक्षक. ते ओरडले नाहीत, पत्रिका काउंटरवर ठेवून फक्त म्हणाले, ‘तुमच्याकडे पूर्वी एक गृहस्थ होते ना?’ ‘आता काय काम आहे’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांनी असं माझ्या काउंटरवर येऊन पडलं. काम होतंच. हाताचं संपलं होतं, डोळ्याचं नव्हतं.

म्हणून तुझं पत्र मी खिळ्यांसारखं उलटं वाचलं, शेवटाकडून. तीन पानं तू चार वर्षांबद्दल लिहिलंस. गुण, क्लासची फी, वडिलांनी मोडलेली ठेव, ज्यांची लग्नं झाली त्या मैत्रिणी. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, ‘आपली नम्र’च्या वर, एक ओळ बारीक अक्षरात लिहिलीस. अभ्यासिकेत तुझ्या शेजारी बसायची ती मुलगी निवडली गेली, तिने निकालाच्या दिवशी तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस आणि त्यानंतर कधी उलटा फोनही केला नाहीस. तिच्या डब्यातली भाकरी तू खाल्ली आहेस आणि तुझ्या नोट्सवर तिने अभ्यास केला आहे, हे तूच मला पूर्वी सांगितलेलं आहेस.

पोरी, ताप तिथे आहे. तीन पानं दुसरीकडे कपाळ चोळून तो उतरणार नाही.

चार वर्षांचं म्हणशील तर तो तू विचार करून घेतलेला निर्णय होता. त्या वेळी जे समोर दिसत होतं त्यावर घेतलास, प्रामाणिकपणे राबलीस, फळ आलं नाही. याचं दुःख होतं, व्हायलाच हवं, पण ते दुःख आहे, त्याला पश्चात्ताप म्हणू नकोस. दुःख दिवसांनी निवळतं. पश्चात्तापाचं तसं नाही, त्याला कुणाच्या तरी दारापर्यंत चालत जावं लागतं.

आप्पांकडे मी १९९८ च्या दिवाळीनंतर गेलो. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. दारात उभा राहिलो आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. पिशवीतून प्रूफं काढली, तर त्यांनी खिशातून चष्मा काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्याच ओळीत बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हा रफार सरकलाय.’ पुढची सहा वर्षं, जाईपर्यंत, ते आमची प्रूफं वाचत होते. माफी मी एकदाच मागितली, एका दिवाळी अंकाच्या गडबडीत, रात्री अकराला. त्यांनी ‘पान बत्तीस बघ’ म्हटलं. तो शनिवार काही पुसला गेला नाही. अजून बोचतो, पण आता तो बोचतो तेव्हा मी जागेवरच असतो, तोंड लपवत नाही.

आणि त्या बोचण्याने मला काय दिलं ते तुझ्यासमोरच घडलं आहे. तुझ्या बारावीच्या सुट्टीत तू प्रेसमध्ये येत होतीस ते आठवतं? आमच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली गिऱ्हाइकाला पाठवल्या की तिकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. सगळे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारं युनिकोड मागायला लागले होते. मी पंचावन्न वर्षांचा, वीस वर्षांचा बसलेला हात मोडायचा होता. तू सतरा वर्षांची पोर शेजारी स्टूल ओढून बसलीस आणि युनिकोडसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक माझ्याकडून पाठ करून घेतलास. उजवीकडे व्यंजनं, डावीकडे स्वर. पहिले पंधरा दिवस मी चिडचिड केली, पण ‘हे पोरकट आहे, मला काय शिकवतेस’ असं म्हटलं नाही. जीभ तिथपर्यंत आली होती. आप्पांनी ती धरली.

तासगावच्या कामाबद्दल लिहिलंस की शेतकऱ्यांना शासन निर्णय वाचून दाखवायला सगळे तुलाच बोलावतात आणि तुला त्याची लाज वाटते, की आपण अधिकारी होऊन हे निर्णय काढणार होतो आणि आता वाचून दाखवतोय. मला यात लाजेचं काही दिसत नाही. त्या सरकारी मराठीतलं पान सरळ करून सांगणारं माणूस सौद्याच्या दिवशी किती जणांच्या उपयोगी पडत असेल! पण हे मी सांगून तुला पटायला नको. सहा महिने मन लावून कर, मग ठरव.

परीक्षेला पुन्हा बसायचं असेल तर बस, खुल्या वर्गालाही वयाची अट अडतीस आहे, दार बंद झालेलं नाही. फक्त गेलेली चार वर्षं वसूल करायला म्हणून बसू नकोस. मी ऑफसेटचे हप्ते फेडत असताना जुने खिळे परत विकत घ्यायला निघालो होतो, भंगारवाल्याकडे जाऊन विचारूनही आलो. ते कधीच वितळले होते.

मैत्रिणीला फोन कर. काय बोलायचं ते आधी जुळवून ठेवू नकोस. तिची नेमणूक कुठे झाली ते विचार, राहायची सोय काय ते विचार, डबा कुठून येतो ते विचार.

इकडे पाऊस बरा आहे. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
प्रेसवाले काका