वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या रांगेत बसणार कोण?

प्रश्न : आम्ही खानापूरला राहतो. घरात मी, पत्नी, आई-वडील आणि 9 व 4 वर्षांची दोन मुले असे सहा जण आहोत. नोकरीसाठी मला रोज बेळगावला जावे लागते. अधूनमधून सर्वांचे सौंदत्ती किंवा कोल्हापूरला जाणे होते आणि सुट्टीत चोर्ला घाटाने गोव्याला. सर्व खर्च धरून 16 लाखांपर्यंत तीन रांगांची गाडी घ्यायची आहे. वडिलांना स्कॉर्पिओसारखी उंच एसयूव्ही हवी आहे, तर आईचे गुडघे दुखतात. महाराष्ट्रात चंदगडला राहणाऱ्या मामांच्या पत्त्यावर नोंदणी केल्यास कर कमी पडतो असे ऐकतो. तसे करावे का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : गाडीचे नाव ठरवण्याआधी कोण कुठे बसणार हे कागदावर मांडावे, कारण तीन रांगांच्या गाडीत निर्णय तिसरी रांग करते आणि शोरूममध्ये नेमके तिच्याकडेच कोणी पाहत नाही. आपल्या घरात पुढे आपण व वडील बसाल. चार वर्षांच्या मुलाला बालआसन हवे, आणि ते पक्के बसवण्याचे आयसोफिक्सचे हुक बहुधा मधल्या रांगेतच असतात. म्हणजे मधल्या रांगेत आई आणि धाकटा. तिसऱ्या रांगेत उरल्या आपल्या पत्नी आणि थोरले मूल. बालआसन बांधलेली सीट पुढे दुमडता येत नाही, ही अडचण पुष्कळांना गाडी घरी आल्यावर कळते. मधल्या रांगेत दोन सुट्या ‘कॅप्टन सीट’ असल्या, तर मधल्या वाटेने मागे जाता येते आणि कोणाला उठवावे लागत नाही. सात आसनी गाडीच घ्यावी लागली, तर बालआसन चालकाच्या मागे बांधावे, पत्नींनी डाव्या बाजूने आधी आत शिरावे आणि आईंनी शेवटी बसावे. मात्र वाटेत मागच्यांना उतरायचे झाले की प्रत्येक वेळी आईंना खाली उतरावे लागेल, हे गृहीत धरावे.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की वडिलांची स्कॉर्पिओ-एन मागे पडते. ती लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या शिडीवजा पोलादी चौकटीवर बांधलेली, कच्च्या रस्त्याला दमदार अशी गाडी आहे, आणि रोज शेताच्या वाटेवर चालवणाऱ्यास मी तीच सुचवीन. परंतु तिची पायरी उंच आहे आणि तिसरी रांग उघडी असताना सामानाला जागा जवळजवळ राहत नाही. बोलेरो निओ स्वस्त वाटते, त्याचे एक कारण असे की 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतील, 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांवर 40. तथापि तिची मागची आसने आडवी, म्हणजे पुढे नव्हे तर एकमेकांकडे तोंड केलेली आहेत. त्यांवर नेहमी मुलाला बसवू नये. रेनो ट्रायबरमध्ये सातही जण बसल्यावर डिकी 84 लिटरचीच उरते आणि तिचे 1 लिटरचे इंजिन भरल्या गाडीने घाटात दमते.

त्यामुळे निवड मारुती अर्टिगा, तिची सहा आसनी बहीण एक्सएल 6 आणि किया कॅरेन्स यांच्यात उरते. काटेकोर बोलायचे तर या एसयूव्ही नव्हेत. वडिलांची थोडी समजूत घालावी लागेल. सुरक्षेच्या बाबतीत मात्र फरक आहे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2024 मध्ये घेतलेल्या धडक चाचण्यांत कॅरेन्सला पाचपैकी प्रौढांसाठी 3 व मुलांसाठी 5 तारे मिळाले, अर्टिगाला अनुक्रमे 1 व 2, तर बोलेरो निओला दोन्हींत 1. अर्टिगाला त्यानंतर सर्व श्रेणींत सहा एअरबॅग मिळाल्या, पण माझा कौल कॅरेन्सलाच आहे. तीत सहा आसनांची सोय सर्व श्रेणींत मिळत नाही; ती असलेली श्रेणी आपल्या रकमेत बसत नसेल, तर वर सांगितलेल्या पद्धतीने सात आसनी घ्यावी.

इंधनाबाबत आपला रोजचा प्रवास मदतीला येतो. नव्या डिझेल गाड्यांतील काजळी गाळणारा फिल्टर केवळ गल्लीबोळात फिरल्याने तुंबतो. खानापूर-बेळगाव हे एका बाजूचे सुमारे 26 किलोमीटर सलग वेगाने गेल्यास तो आपोआप साफ होत राहतो. शिवाय कॅरेन्सच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, 250 न्यूटन-मीटर आहे, तर अर्टिगाच्या पेट्रोल इंजिनाचा 137 च्या आसपास. सहा माणसे आणि बॅगा घेऊन चोर्ला चढताना हा फरक गिअर बदलणाऱ्या हाताला समजतो. सीएनजी अर्टिगा चालवायला स्वस्त पडते खरी, पण टाकी डिकीत बसते. मग सहा जणांच्या बॅगा टपावर, आणि आपल्याकडच्या पावसात टपावर.

आता चंदगडचा प्रश्न. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या गाडीवर आजीवन कर 17 टक्के असून वर उपकर लागतो. महाराष्ट्रात याच किमतीला पेट्रोलवर 12 व डिझेलवर 14 टक्के. मोह समजण्यासारखा आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 नुसार मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते, त्याच राज्यात नोंदणी करायची असते. आणि कलम 47 नुसार परराज्यातील गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. एमएच-09 ची पाटी लावून रोज बेळगावला जाणारी गाडी कधी ना कधी अडवली जाणारच, आणि मग वाचवलेला कर इथे भरून तिकडच्या परताव्यासाठी हेलपाटे घालणे नशिबी येईल. केए-22 ची नोंदणी करावी आणि हा खर्च 16 लाखांतून आधीच वजा करून मगच श्रेणी निवडावी.

चाचणीसाठी एकटे जाऊ नये. सहाही जणांना घेऊन जावे, मधली सीट आईंना सोयीची होईल इतकी मागे सरकवून मग पत्नींना तिसऱ्या रांगेत बसवावे. त्यांचे गुडघे छातीकडे येत असतील किंवा मांड्या सीटवर टेकत नसतील, तर त्या गाडीचा विचार सोडून द्यावा.