मुंगळा मुंगीचा नवरा नाही, आणि मोर्चा मार्चचा पोरगा नाही

एका मित्रानं विचारलंय : "परड्यातल्या आंब्यावर पानं चिकटवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या आहेत, त्यांना मुंगळे म्हणायचं का? आणि मुंगळा म्हणजे मुंगीतला नर ना?"

नर नाही हो भावा! हे ऐकून ऐकून कान किटले. सुरा हा सुरीचा नवरा आहे का? डबा डबीचा? मराठीत कितीतरी जोड्यांत 'ई' म्हणजे लहान आणि 'आ' म्हणजे मोठं एवढंच असतं, तसंच हे, मुंगळा म्हणजे मोठी काळी मुंगी, तिचा वंशच वेगळा, आणि तुमच्या ओट्यावर रांगेनं जाणारा प्रत्येक मुंगळा बाई आहे. नराला पंख असतात, एकदा उडायचं, मादी गाठायची आणि मरायचं, त्याला साखरेच्या डब्यापर्यंत यायला वेळच कुठाय.

आंब्यावरची ती ओंबील. गगनबावड्याकडं आणि घाट उतरून कोकणात कुणी उंबील म्हणतं, कुणी हुंबील. (आंबील नव्हे, ती प्यायची, कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला.) शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅराग्डिना, फाब्रिसियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं 1775 मध्ये दिलेलं. इकोफिला म्हणजे पानाचं घर, हे पटतं, पण स्मॅराग्डिना म्हणजे पाचूसारखी हिरवी, आणि आपली तर तांबूस! ऑस्ट्रेलियातल्या ओंबिलीचं पोट मात्र हिरवं असतं. पानं शिवायला रेशीम लागतं ते मोठ्या मुंगीला येत नाही, अळीला येतं, मग कामकरीण अळीलाच जबड्यात धरून या पानावरनं त्या पानावर फिरवते, इचलकरंजीच्या मागावर धोटा फिरतो तसं.

फांदी हलवली की ही पोट वर उचलते बघा. नांगी नसते तिला. कमरेला एकच गाठ आणि पोटाच्या टोकाला बारीक गोल भोक, ही सगळ्या फॉर्मिसिनी उपकुळाची खूण, मुंगळाही त्याच उपकुळातला, म्हणजे चुलत घर म्हणा. जबड्यानं चावायचं आणि त्या जखमेवर भोकातनं फॉर्मिक ॲसिड सोडायचं. मी लहानपणी बनियनवर आंब्यावर चढलो होतो, त्यामुळं हा भाग मला पुस्तकात वाचावा लागला नाही.

आता फॉर्मिक. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. वेदातली वम्री तिची बहीण, आणि फारसीत मूर, ही सगळी मुंगीचीच नावं, एकाच घराण्यातली. मूरची छोटी मूर्चा. मूरचं बीळ ते मूर्चाल, म्हणजे मुंगीनं माती उकरून केलेलं भोक, आणि त्यावरनं सैनिकांनी खणलेला खंदक. तोच आपला मोर्चा! आधी जागा, मग त्या जागेवरचं सैन्य, मग चालून जाणारी माणसं. म्हणजे आंब्यावर हाताची आग करणारं ॲसिड आणि कोल्हापूरच्या दसरा चौकातनं निघणारा मोर्चा एकमेकांचे सोयरे आहेत, आणि दोन्हीकडं रांग आहेच! (रांगेवरनं शब्द आला असं मी म्हणत नाही, पण मजा येते.)

ह्यावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त सर दर वेळी ठासून सांगतात, मोर्चा इंग्रजी 'मार्च'वरनं आला. सर, मग मोर्चेबांधणीतलं 'बांधणी' काय करायचं? चालणं बांधतात का कधी? मोर्चा बांधतात, लावतात, वळवतात, कारण तो मुळात जमिनीतला. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला मोर्चे लावले ते काय घोषणा देत चालले होते? तिथं राजापूरचे इंग्रज होते की, असं सर परवा म्हणाले. होते, पण ते तोफ घेऊन आलेले, शब्द घेऊन नव्हे. हिंदीत लोखंडाला मोर्चा लागतो म्हणजे गंज चढतो, तोही ह्याच मूर्चावरनं. तिथं कुठला मार्च शोधणार?

आणि वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणणं पण बंद करा आता, ती झुरळाच्या गोत्रातली.

हां, तुमचं आंब्याचं राहिलंच. ओंबील म्हणा.