लाभार्थी विरुद्ध करदाता? आधी 'कर' बघा

प्रश्न असा आलाय: 'लाभार्थी' शब्दात मुळातच 'फुकट घेणारा' अशी छटा आहे का, आणि 'करदाता' त्याचा विरुद्धार्थी शब्द मानायचा का?

नाही आणि नाही. टीव्हीवरच्या चर्चेत ही जोडी दोन वेगळ्या जमाती असल्यासारखी वापरतात ना, तिथे डोकं फिरतं. आयकर भरतो तेवढाच करदाता, हे कुणी ठरवलं? साबणाची वडी घेताना किमतीतच कर जातो, अप्रत्यक्ष असला तरी करच तो, म्हणजे पेन्शनवर जगणारी आजी लाभार्थीही आहे आणि करदातीही, एकाच वेळी. कसले विरुद्धार्थी?

'लाभार्थी'चं म्हणाल तर अर्थी म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. मोक्ष मिळून गेलेल्याला आपण मोक्षार्थी म्हणतो का? तेव्हा लाभार्थी म्हणजे खरं तर अर्जदार, पैसे खात्यात पडले की तो शब्द संपायला हवा. पण रूढ झालाय, असू दे.

खरी मजा 'कर'मध्ये आहे. कर म्हणजे हात, म्हणून 'सरकारचा हात आपल्या खिशात' असली व्युत्पत्ती बरेच विद्वान ठोकून देतात. टाळ्या मिळतात, पण मोनियर-विल्यम्सचा 1899 चा संस्कृत-इंग्रजी कोश उघडायचे कष्ट घ्या की! हाताचा कर 'कृ' म्हणजे करणे यातून, आणि किरण या अर्थाचा कर 'कॄ' म्हणजे विखुरणे, उधळणे यातून, आणि राजाला द्यायचा कर या दुसऱ्या नोंदीत, किरणाच्या शेजारी बसलाय! याच 'कॄ' धातूतून विकिरण, प्रकीर्ण, संकीर्ण. म्हणजे माझ्या मते परत विखरून टाकायचं हे त्या शब्दाच्या पोटातच आहे, योजना-अनुदानं ही काही मागाहून चिकटवलेली भानगड नाही. यावर 'विखुरतो तो देणारा, राजा नव्हे' असं कुणीतरी म्हणणारच. म्हणा. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा प्रजेच्याच भल्यासाठी कर घेतो आणि कालिदास लगेच उपमा देतो सूर्याची, जो पाणी शोषतो ते हजारपटीने परत द्यायला. कर घेणाऱ्याला नेमका किरणवालाच कसा आठवला? योगायोग म्हणणाऱ्यांना नमस्कार.

हो, त्या श्लोकात शब्द 'बलि' आहे, 'कर' नाही, माहितीये मला. बलि हा तर करासाठीचा आणखी जुना शब्द, ऋग्वेदात 'बलिहृत्' म्हणजे कर आणून देणारा. त्यामुळे 'मध्यमवर्ग कराचा बळी' अशी हेडलाइन दिसली की मी ती 'मध्यमवर्ग कराचा कर' अशी वाचतो आणि पुढची बातमी वाचायची राहूनच जाते.