मुदतीच्या मध्येच सत्ताधारी आघाडी बदलली, तर सरकार आणि विरोधक यांचे संबंध खरोखर बिघडतात, की केवळ खुर्च्या बदलतात?

प्रश्न विचारताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा महाराष्ट्र असावा, जिथे २ जुलै २०२३ रोजी सकाळपर्यंत विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार दुपारी उपमुख्यमंत्री झाले होते. मी मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरचा. आमच्याकडे हे तीन वर्षे आधीच होऊन गेले, आणि तेही घरात, त्यामुळे मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नये.

संबंध बिघडतात, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र खरी तेढ सरकार आणि विरोधक यांच्यात राहत नाही, ती सत्ताधारी पक्षाच्या आत शिरते.

आमचे मूळ घर शहराच्या लष्कर या भागातले, आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून. पण वडिलांनी थाटीपूरला घर बांधल्यामुळे आमचे मतदान ग्वाल्हेर पूर्वमध्ये आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात दादा आणि मी काँग्रेसच्या टेबलावर शेजारी बसून मतदारांना पर्च्या काढून देत होतो. पलीकडे भाजपच्या टेबलावर गल्लीतलेच एक निवृत्त गुरुजी होते, ज्यांच्याशी आमचे मतदानाच्या दिवशी वीस वर्षांचे वैर आणि उरलेले दिवस उत्तम शेजार. त्या वेळी काँग्रेसचे मुन्नालाल गोयल यांनी भाजपचे सतीश सिकरवार यांना हरवले. संध्याकाळी गुरुजी आमच्याकडे चहा पिऊन गेले.

मार्च २०२० मध्ये ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले काँग्रेस नेते ज्योतिरादित्य शिंदे भाजपमध्ये गेले आणि काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. पक्षांतर केले असते तर पक्षांतरबंदीचा कायदा आडवा आला असता. राजीनाम्यांमुळे सभागृहच लहान झाले. दोन जागा आधीच रिकाम्या असल्याने २०६ जणांच्या सभागृहात बहुमत १०४ वर आले, काँग्रेस ९२ वर राहिली आणि भाजपकडे १०७ होते. काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ यांनी २० मार्चला राजीनामा दिला. दादा त्याच आठवड्यात "आपण महालाची माणसं", म्हणजे शिंदे घराण्याची, असे म्हणून तिकडे गेला, आणि मी राहिलो.

नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत आमच्या मतदारसंघात पुन्हा तेच दोन उमेदवार होते, केवळ चिन्हे उलटी: गोयल भाजपकडून, सिकरवार काँग्रेसकडून. मी एका टेबलावर, दादा तोंडाला मास्क लावून दुसऱ्या टेबलावर गुरुजींच्या शेजारी. गुरुजींनी मतदारयादी दिवसभर स्वतःच्या मांडीवर ठेवली. दादाला एखादे नाव शोधायचे असले की त्याने ते उच्चारायचे आणि गुरुजींनी चष्मा सावरत पान उलटायचे. अकराच्या सुमारास ते उठले, आमच्या टेबलावर आले, माझ्या पुड्यातली बेडई खाल्ली आणि हळूच म्हणाले, "दो साल पहले इन्हीं के खिलाफ घर-घर गया हूँ." पुढे बराच वेळ ते बोलले नाहीत. सिकरवार निवडून आले. गुरुजींनी मत कोणाला दिले, हे मी विचारले नाही. दादाला मात्र खात्री आहे, आणि तो त्यांच्याशी आजही बोलत नाही. माझ्याशी बोलतो, पण आईची औषधे आणि घरपट्टी यांपलीकडे नाही.

दादाचा आवडता युक्तिवाद असा की १९६७ मध्ये ज्योतिरादित्यांच्या आजी राजमाता विजयाराजे शिंदे यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचे काँग्रेस सरकार पाडले तेव्हा आमच्याच आजोबांनी पेढे वाटले होते, मग २०२० मध्ये वाईट ते काय झाले. दादा हे विसरतो की काँग्रेसच्या ३६ आमदारांना घेऊन बाहेर पडलेले आणि संविद (संयुक्त विधायक दल) या आघाडीचे मुख्यमंत्री झालेले गोविंद नारायण सिंह मार्च १९६९ मध्ये पद सोडून पुन्हा काँग्रेसमध्येच गेले. पेढे फुकट गेले. ज्यांना एकत्र बांधणारी गोष्ट केवळ कोणाला तरी पाडणे ही असते, त्यांचे विरोधक सभागृहात समोरच्या बाकांवर शोधू नयेत.

एक गोष्ट मात्र माझ्या मताच्या विरुद्ध जाते, आणि ती सांगितली नाही तर दादा सांगेल. डिसेंबर २०१८ मध्ये सरकार निवडणुकीने बदलले होते, आणि शपथविधीच्या मंचावर भाजपचे मावळते मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी कमलनाथ आणि शिंदे यांचे हात धरून उंचावले होते. तरी महिन्याभरातच विधानसभेत अध्यक्षपदासाठी भाजपने उमेदवार उभा केला, आणि त्यावर प्रथेने विरोधकांना द्यायचे उपाध्यक्षपद काँग्रेसने स्वतःकडेच ठेवले. तेव्हा कोणीही फुटले नव्हते. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर ते पद विरोधकांकडे परत आले नाही. त्या विधानसभेच्या अखेरपर्यंत ते रिकामेच राहिले.

त्यामुळे आपण महाराष्ट्राचा अंदाज बांधत असाल तर सभागृहातल्या भाषणांवर जाऊ नये. विरोधकांना कोणती पदे मिळतात ते पाहावे, आणि त्याहून अधिक, नव्याने आलेल्याला जुना कार्यकर्ता मतदारयादी हातात देतो का ते पाहावे. उपाध्यक्षपदाच्या बाबतीत चूक आमच्याकडूनही झाली, हे मी दादाजवळ कधी कबूल केले नव्हते, ते येथे लेखी करतो. आता पेढ्यांचे त्याने कबूल करावे.